इंग्लंडमध्ये बीबीसी रेडिओ ४ ऐकायचा तर दिवसभरात काय काय ऐकावं आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की नुकत्याच लीड्सला आलात, दिवसाचा बराच वेळ घरी असता, गाण्यांपेक्षा बोलणं ऐकायला आवडतं आणि इथलं इंग्रजीही कानाला बसायला हवंय. मग रेडिओ ४ तुमच्यासाठीच आहे. फक्त सकाळच्या बातम्यांपासून सुरुवात करू नका. दुपारी दोनला लावा.

दोन वाजता 'द आर्चर्स' ही नाट्यमालिका लागते. आदल्या संध्याकाळी सातला झालेला भाग तेव्हा पुन्हा ऐकवतात. जेमतेम तेरा मिनिटांचा भाग, अँब्रिज नावाचं काल्पनिक गाव, आणि मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर चालू आहे. दुसरं महायुद्ध संपलं तरी रेशन संपलं नव्हतं, देशाला अन्नधान्य वाढवायचं होतं, म्हणून शेतकऱ्यांपर्यंत नवी माहिती गोष्टीतून पोचवायची, अशी ती कल्पना. शेतकी खात्याचाही तिला हातभार होता. आकाशवाणीवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात गप्पांच्या ओघात खताची मात्रा सांगितलेली ज्यांनी ऐकली आहे, किंवा मुंबई केंद्राचं 'पुन्हा प्रपंच' ज्यांच्या घरात लागायचं, त्यांना ही रीत लगेच ओळखीची वाटेल. आता शिकवणं मागे पडलंय, पण दुधाचा दर, मेंढ्यांची वीण, जमिनीच्या वारसावरून भावंडांमधली धुसफूस हे सगळं आहेच.

सुरुवातीला कोण कोणाचं कोण, ते कळणार नाही. त्याची काळजी करू नका, आवाज ओळखू येईपर्यंत नुसतं ऐकत राहा. या मालिकेचं खरं बळ तिच्या सावकाशीत आहे. हेलन नावाच्या बाईला तिचा नवरा रॉब कसा हळूहळू मुठीत घेतो, ते त्यांनी दोन-अडीच वर्षं थेंबाथेंबानं सांगितलं. सुरुवातीला मारहाण नाही, आरडाओरडा नाही. तू गाडी नको चालवूस, आईला इतके फोन नको करूस, अशी काळजीच्या सुरात बोललेली वाक्यं. २०१६ साली ते टोकाला गेलं तेव्हा ऐकणाऱ्यांनी छळ सोसणाऱ्या बायकांसाठी निधी उभा केला, तो लाख पौंडांच्या वर गेला. चेहरे दिसत नसताना, केवळ आवाजातल्या बदलावर हे साधलं, याचं मला आजही फार मोल वाटतं.

लगेच सव्वादोनला बहुतेक दिवशी नाटक असतं, पाऊण तासाचं. आपल्या श्रुतिकेसारखंच, पण इतक्या नेमानं नवं लिहून घेणारं दुसरं केंद्र मला माहीत नाही. ग्लासगोचा, बेलफास्टचा, तुमच्या यॉर्कशरचा असे सगळे हेल इथे भेटतात. बातम्यांत ते एवढ्या मोकळेपणी ऐकू येत नाहीत, आणि उद्या दुकानात, दवाखान्यात तुमच्याशी माणसं याच हेलांत बोलणार आहेत. सोबतचे आवाजही नीट ऐका. 'आर्चर्स'मध्ये शेताचं फाटक करकरतं ना, तो आवाज वर्षानुवर्षं एका जुन्या इस्त्रीच्या टेबलातून काढतात.

आठवडाभर असं ऐकलंत की मग दोन्ही बाजूंनी दिवस वाढवा. एक वाजता 'वर्ल्ड ॲट वन', म्हणजे दुपारच्या बातम्या आणि त्यामागची चर्चा. सकाळी दहाला 'वुमन्स अवर', १९४६ पासूनचा. रजोनिवृत्ती, बाळंतपणानंतरची उदासी, घटस्फोटातली पैशाची वाटणी या विषयांवर तिथे ज्या स्वच्छ शब्दांत बोलतात, तसं मी मराठी रेडिओवर फारसं ऐकलं नाही. ते यायला हवं. गुरुवारी सकाळी नऊचा 'इन अवर टाइम' चुकवू नका. एक विषय, त्यातले तीन अभ्यासक आणि त्यांना भरकटू न देणारा सूत्रधार. १९९८ ते २०२५ ते काम मेल्विन ब्रॅग यांनी केलं. आज गुरुत्वाकर्षण, पुढच्या आठवड्यात एखादा विस्मरणात गेलेला कवी.

सकाळी सहा ते नऊचा बातम्यांचा 'टुडे' हा या केंद्राचा सर्वांत वजनदार कार्यक्रम. आठ वाजून दहा मिनिटांच्या सुमाराची मुलाखत बहुधा मंत्र्यांची असते. पण मुलाखतकार आणि मंत्री एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात, आणि इथलं राजकारण ठाऊक नसेल तर नुसता गलका वाटतो. त्याऐवजी संध्याकाळी सहाच्या बातम्या ऐका. लंडनच्या बिग बेन घड्याळाचे ठोके थेट ऐकवतात आणि पुढचा अर्धा तास शांत, वाचलेल्या, सुटसुटीत बातम्या. इंग्रजीसाठी याहून चांगला धडा नाही. साडेसहाचे विनोदी कार्यक्रम मात्र तूर्त सोडून द्या, त्यातले निम्मे संदर्भ इथल्या शाळेत वाढलेल्यांचे असतात.

रात्री पावणेअकराला पंधरा मिनिटं पुस्तकवाचन असतं. जागं राहणं जमलं तर पाऊण वाजल्यानंतर समुद्राचा अंदाज ऐका. ब्रिटनभोवतीच्या ३१ सागरी विभागांचा वारा, पाऊस आणि दृश्यमानता, ठरलेल्या क्रमानं. खलाशांसाठी आहे तो, पण घरी अंथरुणावर पडून ऐकणारेही असंख्य आहेत.

बीबीसी साउंड्स ॲपवर हे बहुतेक सगळं मागाहूनही मिळतं. तरी पहिला महिना तरी निवडून ऐकू नका, थेट ऐका. ॲपवर आपण आपल्या आवडीचंच उघडतो. थेट लावलं की बातम्यांसाठी बसलेलं माणूस जाहिरातीचा अडथळा न येता नाटकात शिरतं, आणि मेंढ्यांत काडीचा रस नसलेलं माणूस त्यांच्या विणीची काळजी करायला लागतं. स्वयंपाकघरात साधा रेडिओ ठेवा, एफएमवर ९२ ते ९५ च्या दरम्यान सापडेल. उद्या दोन वाजता लावा, आणि 'आर्चर्स'मधलं नातं कळेनासं झालं तर इथेच खाली विचारा, मी सांगेन.