७० टक्के, पण कशाचे?

प्रश्न : मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुण ६५ टक्क्यांच्या आसपास. गेले काही महिने ती वीस वर्षांपूर्वीच्या पाम आणि पॉकेट पीसी या हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरांच्या मागे लागली होती. त्यांच्या सॉफ्टवेअरच्या बाजारात कोणाचा किती वाटा होता, याचा म्हणे ती अंदाज काढत होती. आम्ही ते बंद करायला लावलं आणि अँड्रॉइडच्या कोर्सला नाव घातलं. जगात ७० टक्के अँड्रॉइड आहे, नोकऱ्याही तिथेच असणार. तेव्हापासून ती घरात फारशी बोलत नाही. तिला मार्गावर कसं आणावं? (एक वडील)

उत्तर : गुणांची काळजी मला वाटली नाही. काळजी वाटली ती ‘बंद करायला लावलं’ या तीन शब्दांची. कोणी सांगितलेलं नसताना, परीक्षेत येणार नाही अशा प्रश्नाला एखादी मुलगी महिनोन्‌महिने धरून बसते, हे फार क्वचित दिसतं. आणि तिच्या हाती काय लागलं, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. बहुधा विचारलंच नसावं. ती हट्टाने बोलत नाही असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. जीव लावून केलेलं काम कोणी न बघताच निकालात काढलं, तर तिने बोलायचं तरी कशाबद्दल? तिला मार्गावर आणायची गरज नाही. ती मार्गावरच होती, तुम्ही तिला तिथून उठवलंत.

आता त्या ७० टक्क्यांबद्दल, कारण तुमचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. हा आकडा बहुधा वेब वापराची आकडेवारी देणाऱ्या स्टॅटकाउंटरचा. तिथे वेबसाइटवर उघडली गेलेली पानं मोजतात. फोन नव्हे, नोकऱ्या तर नव्हेतच. आयडीसी ही बाजार संशोधन संस्था मोजते ते कंपन्यांनी बाजारात पाठवलेले फोन. लोकांच्या हातात आज चालू असलेले फोन ही तिसरीच संख्या, कारण एक फोन कोणी दोन वर्षं वापरतो, कोणी सहा. सॉफ्टवेअरवर खर्च होणारा पैसा पाहिला तर चित्र उलटतं : आयफोन संख्येने कमी, पण ॲप स्टोअरवरचा ग्राहकांचा खर्च गूगल प्लेपेक्षा कितीतरी जास्त. त्यातही चीनमध्ये गूगल प्ले चालत नाही, त्यामुळे तिथल्या अँड्रॉइड ॲपची उलाढाल गूगलच्या हिशेबात येतच नाही. यातल्या एकाही आकड्यातून नोकऱ्यांची संख्या निघत नाही. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह ही साधनं वापरून एकच टीम अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडची ॲप बनवते. वाटा बघूनच कोर्स निवडायचा म्हटलं, तर २००७ मध्ये तुम्ही तिला सिंबियन, म्हणजे नोकियाच्या स्मार्टफोनमधलं सॉफ्टवेअर, शिकायला बसवलं असतं. स्मार्टफोनमध्ये तेव्हा तेच सर्वांत पुढे होतं, आणि २०११ च्या फेब्रुवारीत नोकियाने ते सोडून विंडोज फोनची वाट धरल्याचं जाहीर केलं.

तुमची मुलगी नेमका हाच गुंता सोडवत होती. तिने निवडलेला काळही त्यासाठी उत्तम आहे. पामचा पायलट १९९६ मध्ये आला, मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरवरचा पॉकेट पीसी २००० मध्ये. ती स्पर्धा आता संपली आहे, म्हणून त्या वेळचे अंदाज कुठे फसले ते तपासता येतं. पाम कंपनीचा वाटा आणि पाम ओएस या तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा वाटा या वेगळ्या गोष्टी, कारण हँडस्प्रिंग आणि सोनीही पाम ओएसवरची यंत्रं विकत होत्या. सॉफ्टवेअरकडे वळलं की खरी अडचण सुरू होते. हँडँगोसारख्या विक्रीच्या साइटवर कोणासाठी किती प्रोग्रॅम आहेत ते मोजणं सोपं. पण यादीत प्रोग्रॅम असणं म्हणजे तो विकला जाणं नव्हे. पॉकेट पीसीत पॉकेट वर्ड आणि पॉकेट एक्सेल आधीच भरलेले असत. पामवाल्याला त्याच कामासाठी अनेकदा डॉक्युमेंट्स टू गो वेगळं घ्यावं लागे. म्हणजे विक्रीचे आकडे पामकडे झुकतात, वापर मात्र तसा झुकलेला नसतो.

व्याख्येने निकाल कसा फिरतो, तेही याच काळात दिसतं. २००४ च्या तिसऱ्या तिमाहीत गार्टनर या बाजार संशोधन कंपनीच्या मोजणीत विंडोज सीई, म्हणजे पॉकेट पीसीमागची ऑपरेटिंग सिस्टिम, पहिल्यांदा पाम ओएसच्या पुढे गेली. पण त्या मोजणीत पाम ओएसवरच चालणाऱ्या ट्रिओसारखे स्मार्टफोन धरलेले नव्हते, आणि पामचे ग्राहक तर तिकडेच वळत होते. ‘हँडहेल्ड’ कशाला म्हणायचं, हे ठरवतानाच अर्धं उत्तर ठरून गेलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला हे खुणावत असेल, तर तिला ॲप डेव्हलपर होण्याकडे ढकलणं ही मला सरळसरळ चूक वाटते. तिचं क्षेत्र संख्याशास्त्र, डेटा ॲनालिसिस किंवा बाजार संशोधन हे आहे.

संख्याशास्त्र किंवा अर्थमितीतलं (आर्थिक आकडेवारीच्या विश्लेषणाचं शास्त्र) पदव्युत्तर शिक्षण आणि त्याच्या प्रवेश परीक्षा हा नेहमीचा रस्ता आहे. त्याची माहिती कॉलेजमध्येच मिळेल.

त्याआधी तिची फाइल तिला परत उघडू द्या, आणि तिची तयारी असेल तर एकदा शेजारी बसून समजून घ्या. मी तिला दोनच गोष्टी सुचवेन. उत्तर एका आकड्यात देऊ नकोस. कमीत कमी इतका वाटा आणि जास्तीत जास्त इतका, असं सांग. आणि प्रत्येक गृहीतक वेगळं लिही. यंत्र सरासरी किती वर्षं वापरात राहिलं, एका यंत्रामागे किती प्रोग्रॅम विकत घेतले गेले, फुकटचे प्रोग्रॅम धरले की नाही. मग एकेक बदलून उत्तर किती हलतं ते बघ. नमुना निवड, डेटाबेससाठी एसक्यूएल आणि विश्लेषणासाठी आर किंवा पायथन या भाषा ती या कामाच्या ओघात शिकेल. आज तिला त्याचीच गरज आहे.

अँड्रॉइडचा कोर्स तिला हवा असेल तर करू द्या. ॲप कसं बनतं आणि विकलं जातं हे आतून कळलं, तर तिच्या मोजणीला उपयोगच होईल. नको असेल तर भरलेली फी गेली असं समजा, आणि तिचा हिशेब मुलीपुढे कधी मांडू नका.