खुबा मोडलेल्या आजीला पाठीतल्या इंजेक्शनसाठी बसवताना खूप दुखेल का?

तुम्ही लिहिलंय की ८२ वर्षांच्या आजीला साधी कूससुद्धा बदलता येत नाही, मग भूल द्यायला तिला बसवणार कसं? मी भूलतज्ज्ञ आहे. तुमची काळजी अगदी रास्त आहे, फक्त ती सुईची करू नका. स्पायनलची, म्हणजे पाठीतून द्यायच्या भुलीची, सुई अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असते आणि आधी कातडी बधिर करतात. खरे हाल होतात ते त्याआधी, टेबलावर घेताना आणि पाठ वाकवून बसवताना. हाडाची मोडलेली टोकं हलतात, मांडीचे स्नायू आखडतात आणि कळ मस्तकात जाते.

शिकत होते तेव्हा एका आजोबांना आम्ही चौघांनी धरून बसवलं. तोंडातून शब्द नाही. त्यांनी माझी बाही इतकी घट्ट आवळली की शिवण उसवली. दुखण्यानं अंग ताठ, मणक्यांमधली फट मिळेना, सुई तीनदा टोचावी लागली. ती बाही मी विसरलेले नाही.

म्हणून आता बसवण्याआधी ब्लॉक देते. सोनोग्राफीत बघून जांघेपाशी नसांच्या आसपास बधिर करणारं औषध सोडायचं. आजी उताणीच राहते, पाय हलवावा लागत नाही. फेमोरल आणि फॅशिया इलियाका हे ब्लॉक जुने; २०१८ पासून पेंग नावाचाही आहे, त्यात मांडीची ताकद बहुतेक टिकते. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. हे थांबणं घाईत कुणी गाळू नये! दुखणं पार जातं असं नाही, पण माणूस टेकून बसू शकतो.

बसणं जमलंच नाही तर कुशीवर भूल देतात. नेहमीचं औषध पाठीतल्या पाण्यापेक्षा जड, ते खाली उतरतं, म्हणून मोडकी बाजू खाली घ्यावी लागते. ब्लॉक नीट लागला असेल तर तेही सोसतं.

तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "हलवण्याआधी ब्लॉक देणार ना?" रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आजच सांगा, शेवटचा डोस कधी घेतला तेही. आणि आजीचं कानाचं यंत्र काढून घेऊ देऊ नका. "आजी, हनुवटी छातीला लावा, पाठ मागे काढा" हे तिला ऐकू यायला हवं.