तोळाभराची बुलेट आणि बॅरलचा पीळ

गेल्या अंकात एफ-क्लास नेमबाजीची ओळख करून दिली होती: जमिनीवर पालथं झोपायचं, रायफलीला पुढे टेकू, वर दुर्बीण, आणि निशाण ३०० पासून १,००० यार्डांपर्यंत. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच विषय धरला आहे, जड बुलेट. उत्तरांआधी शब्दांचा घोळ मिटवू. आपण 'गोळी' म्हणतो ते कधी अख्खं काडतूस असतं, कधी त्यातून सुटणारं नुसतं टोक. इथे 'बुलेट' म्हणजे फक्त ते टोक. तिचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, हिशोबाने १८० ग्रेन म्हणजे एक तोळा.

जड बुलेट वाऱ्याने कमी सरकते म्हणतात. मग सगळेच सर्वांत जड बुलेट का घेत नाहीत? (राजारामपुरी)

कारण गुण वजनाचा नसतो, आकाराचा असतो. बुलेट वाऱ्याने किती सरकणार हे हवा वाटेत तिचा किती वेग खाते यावर ठरतं. कॅलिबर, म्हणजे बुलेटची जाडी, ठरलेली असल्याने वजन वाढवायचं तर लांबी वाढवावी लागते. लांब, निमुळती बुलेट हवा नीट कापते, तिचा बॅलिस्टिक कोइफिशंट म्हणजे बीसी, हवा कापण्याच्या क्षमतेचा आकडा, जास्त असतो. .३०८ इंची कॅलिबरमध्ये चांगल्या १५५ ग्रेन बुलेटचा जी७ बीसी ०.२३ च्या आसपास आणि लांब नाकाच्या २०० ग्रेन बुलेटचा ०.३२ च्या आसपास असतो. २०० ग्रेनची बॅरलमधून निघताना हळू असते, तरीही १,००० यार्डांवर ती ढोबळमानाने पाव हिस्सा कमी सरकते. जी१ आणि जी७ हे बीसी मोजायचे दोन वेगळे प्रमाण आकार, म्हणून पेटीवरचे आकडे ताडताना जी१ ची तुलना जी१ शी आणि जी७ ची जी७ शीच करा. त्याच बुलेटचा जी१ आकडा जवळपास दुप्पट दिसतो आणि दुकानात तोच पुढे केला जातो.

वजनावर भाळू नये याचा जुना दाखला म्हणजे १६८ ग्रेनची प्रसिद्ध मॅच (स्पर्धेची) बुलेट. १५५ पेक्षा जड, ३०० मीटरवर फार गुणी. पण तिच्या शेपटीचा उतार १३ अंशांचा, म्हणजे जरा जास्तच उभा. .३०८ मधून सोडल्यावर १,००० यार्डांच्या अलीकडेच तिचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ येतो आणि ती डगमगायला लागते. ९ अंशांच्या आसपास शेपटी असलेल्या १५५ आणि १७५ ग्रेनच्या बुलेट तो टप्पा सरळ ओलांडतात.

शिवाय नियम. आंतरराष्ट्रीय टार्गेट रायफल स्पर्धांमध्ये .३०८ ची बुलेट १५६ ग्रेनपेक्षा कमीच लागते, तिथे जड बुलेटचा प्रश्नच येत नाही. एफ-क्लासच्या एफ-टीआर गटात .२२३ किंवा .३०८ पैकी एक घ्यायची, बुलेटचं वजन मोकळं. पण टेकू-दुर्बिणीसकट रायफल ८.२५ किलोच्या आत हवी. तेवढ्या वजनात २०० ग्रेनचा धक्का १५५ पेक्षा चांगलाच जाणवतो आणि टेकू उड्या मारतो. ज्याला टेकू अजून सांभाळता येत नाही त्याने १७५ किंवा १८५ वर थांबावं, हे आमचं मत.

आमच्या .३०८ रायफलीवर पीळ लिहिलेला नाही. २०० ग्रेन चालेल का, हे कसं ओळखायचं? (गडहिंग्लज)

पीळ म्हणजे बॅरलच्या आतल्या चरांचा एक पूर्ण फेरा किती इंचात होतो ते माप. आधी तो मोजा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा. मूठ मोकळी फिरणारी क्लीनिंग रॉड घ्या, तिला घट्ट बसणारा कापडाचा तुकडा लावा आणि थोडी आत ढकला. रॉडवर बॅरलच्या तोंडाशी एक खूण आणि वरच्या बाजूला दुसरी खूण करा. वरची खूण एक फेरा घेऊन पुन्हा वर येईपर्यंत सावकाश ढकला. रॉड जितके इंच आत गेली तितका पीळ. कापड घसरलं तर माप चुकतं, म्हणून तीनदा मोजा.

मग मिलरचं सूत्र. त्यातून स्थैर्यांक मिळतो, म्हणजे बुलेट उडताना किती स्थिर राहील त्याचा आकडा. बुलेटच्या ग्रेनला ३० ने गुणा. त्याला चार गोष्टींच्या गुणाकाराने भागा: पिळाचा वर्ग, कॅलिबरचा घन, लांबी, आणि लांबीचा वर्ग अधिक एक. कॅलिबर इंचात घ्या, पीळ आणि लांबी मात्र कॅलिबरच्या पटीत. हे उत्तर सेकंदाला २,८०० फूट वेग आणि समुद्रसपाटीवरची १५ अंशांची हवा धरून येतं.

उदाहरणार्थ २०० ग्रेन, लांबी १.४३४ इंच, वेग २,६०० फूट. वेगाची दुरुस्ती केल्यावर १२ इंची पिळाला स्थैर्यांक १.२५ येतो, १० इंची पिळाला १.८. एकाच्या खाली गेलात तर बुलेट कोलांट्या खाते आणि कागदावर आडवं भोक पडतं. १ ते १.५ च्या पट्ट्यात भोक गोल पडतं, ग्रुपही (भोकांचा पुंजका) बरा येतो, पण बुलेट किंचित डोलत जाते आणि छापलेला बीसी पूर्ण मिळत नाही. फसगत इथेच होते, कारण १०० मीटरवर सगळं ठीक दिसतं. १.५ च्या वर राहा.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. इथे ३० अंशांच्या दुपारी हवा विरळ असते, त्यामुळे १.२५ चे १.४ होतात. तीच बुलेट-बॅरलची जोडी इंग्लंडातल्या बिस्ली रेंजच्या गार, दाट हवेत नेली की तो फायदा गेला. गणित नेहमी सर्वांत थंड आणि सखल रेंजसाठी करा.

पीळ हवा त्यापेक्षा फार घट्ट असणंही बरं नाही. ६ मिमीची १०५ ग्रेन बुलेट ३,००० फूट वेगाने साडेसात इंची पिळातून सुटली तर मिनिटाला २,८८,००० फेरे घेते. कवच पातळ असेल किंवा बॅरल खरखरीत, तर ती वाटेतच फुटते. राखाडी धूर दिसतो आणि निशाणावर काहीच लागत नाही.

१८५ ग्रेनचा तीन शॉटचा ग्रुप १०० मीटरवर अर्ध्या इंचात येतो. ६०० मीटरवर मात्र २० सेमी उभा पसारा, आडवा निम्मासुद्धा नाही. बुलेट बदलू का? (इचलकरंजी)

इतक्यात नको. तीन शॉटचा ग्रुप म्हणजे लॉटरी. एकाच पेटीतल्या पाच-पाच शॉटचे दोन ग्रुप १८ आणि २८ मिमी सहज येतात, तीनचं तर विचारूच नका. त्यातला लहान तेवढा लक्षात राहतो. दहा शॉटचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरी पाव पट मोठा येतो. तो खरा धरा.

दुसरं कारण वेगातला फरक. सेकंदाला १५ मीटरचा फरक असेल तर ६०० मीटरवर १३-१४ सेमी उभा पसारा त्यानेच होतो, आणि १०० मीटरवर त्याचे जेमतेम तीन मिलिमीटर दिसतात. १,००० यार्डांवर ६ मीटरचा फरकसुद्धा १५ सेमी खातो, आणि तिथे एक मिनिटाचं (कोनाच्या अंशाचा साठावा भाग) वर्तुळ साधारण २५ सेमीचं. जड बुलेट वाऱ्यात कमावते ते असं उंचीत घालवते.

चाचणी अशी घ्या. तुलनेला दोन किंवा तीनच प्रकार, प्रत्येकाची एकाच लॉटची (एका खेपेत बनलेली) ४० काडतुसं. बॅरल साफ केल्यावरचे पहिले पाच शॉट मोजू नका. मग दहा-दहाचे ग्रुप: पहिला प्रकार, दुसरा, तिसरा, नंतर उलट क्रमाने. असं केलं की वाढलेलं ऊन, दमलेला खांदा आणि तापलेली बॅरल एकाच प्रकाराच्या माथी बसत नाही. प्रकार बदलला की दोन शॉट बाहेर सोडा, आधीच्या बुलेटचं तांबं बॅरलला लागलेलं असतं. काडतूस चेंबरमध्ये घातलं की लगेच मारा. तापलेल्या चेंबरमध्ये अर्धा मिनिट राहिलेल्या काडतुसातली दारू गरम होते आणि तो शॉट वर जातो. पेटी सावलीत ठेवा, मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर अजिबात नको.

प्रत्येक शॉटचा वेग क्रोनोग्राफवर, म्हणजे वेगमापकावर, बघून लिहा. बॅरलला पट्ट्याने बांधायचा प्रकार असेल तर तो बॅरलची थरथर बदलतो, त्याच्यासोबत ग्रुप मोजू नका. कागदावर टोकापासून टोकापर्यंतचं अंतर मोजून थांबू नका, प्रत्येक भोकाची उंची मध्यापासून मोजा. वरच्या भोकांचे वेग जास्त आणि खालच्यांचे कमी निघाले तर दोष काडतुसाचा. वेग सारखे असून पसारा उभाच असेल तर टेकू, खांद्यावरचा दाब आणि श्वास तपासा. तिन्ही प्रकारांत उभा पसारा आला तर बुलेट निर्दोष आहे.

शेवटची निवड १०० मीटरवर करू नये. निदान ३०० मीटर हवेत, सकाळी वारा पडलेला असताना.

मी शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला आहे. बुलेट मोजून निवडायच्या तर काय मोजायचं? (शिरोली पुलाची)

डायल आणि मायक्रोमीटर तुमच्या हातात बसलेले असणार, म्हणून थोडक्यात. एकूण लांबी मोजू नका. टोकाची कड ओबडधोबड असते, तिचं माप काहीच सांगत नाही. व्हर्नियरला कंपॅरेटर (नाकाच्या गोलाईवर टेकणारी जोडणी) लावून बुडापासून नाकाच्या गोलाईपर्यंत मोजा. पेटीतल्या २० घ्या. फरक ०.१ मिमीच्या आत असेल तर निवडत बसू नका. जास्त असेल तर दोन-तीन गट पाडा. वजनात ०.३ ग्रेनचा फरक मॅच बुलेटला चालतो, त्यासाठी रात्र जागू नये. नवा लॉट आला की हीच मापं पुन्हा घ्या, कारण साचा बदलला की नाक बदलतं.

घरी काडतुसं भरून बुलेटचे प्रयोग करता येतील का? (कागल)

परवान्याशिवाय नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ खाली दारूगोळा बनवायला परवाना लागतो. आपल्याकडच्या नेमबाजाने कारखान्यातून आलेल्या काडतुसांचे लॉट तपासावेत, आणि जो बसला त्याचा परवान्यात मावेल तितका साठा एकदम घ्यावा. परदेशी रेंजवर परवानाधारक भरून देत असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: १५५ ग्रेनसाठीचं दारूचं माप २०० ग्रेनला कधीही लावायचं नाही. लांब बुलेट नळकांड्यात खोल बसते, दारूची जागा कमी होते आणि दाब धोक्याच्या पलीकडे जातो. त्या बुलेटचं छापील कोष्टक घ्यायचं आणि सर्वांत कमी मापापासून चढायचं.

मुलगा दुधाळीच्या रेंजवर एअर रायफल शिकतो. त्याला जड पेलेट (छर्रे) घेऊन द्यावेत का? (कसबा बावडा)

१० मीटरवर वारा नाही, त्यामुळे वर सांगितलेलं यातलं काहीच लागू नाही. मॅच रायफलला ०.५३ ग्रॅमचे पेलेट नेहमीचे, तेच घ्या. वजनापेक्षा पेलेटच्या डोक्याचं माप बघा: ४.४९, ४.५० की ४.५१ मिमी. तिन्हींची एकेक डबी घ्या, रायफल शिकंज्यात धरून प्रत्येकी दहाचे चार ग्रुप काढायला प्रशिक्षकांना सांगा आणि ज्याचं भोक लहान त्याच लॉटच्या डब्या घ्या. पुढे तो ५० मीटरवर गेला, म्हणजे ज्या थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं त्या प्रकारात, तर .२२ ची बुलेट सगळ्यांचीच ४० ग्रेनच्या आसपास असते. तिथे निवड फक्त लॉटची, आणि दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं.