रात्री दहाची ‘तात्काळ’ माहिती

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दहालासुद्धा ‘माहिती तात्काळ पाठवा, निरंक असल्यास निरंक कळवा’ असा मेसेज येतो. ग्रुप सोडता येत नाही, आणि जेवतानाही लक्ष फोनकडेच असतं. – एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, ‘आता फोन बघायचाच नाही’ हा निश्चय टिकत नाही, कारण प्रत्येक ‘टिंग’ला तो नव्याने करावा लागतो. मुळात आवाजच येणार नाही अशी सोय करा.

ग्रुप नुसता म्यूट करून भागत नाही. यादीत तो वरच दिसत राहतो. तो अर्काइव्ह करा, म्हणजे मुख्य यादीतून बाजूला काढा. मग नवा मेसेज आला तरी तिथेच दबून राहतो. मात्र कुणी तुमचं नाव टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं, तर सूचना येतेच. म्हणून सोबत फोनच्या सेटिंगमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ला रात्री ८ ते सकाळी ६ अशी वेळ लावून ठेवा. त्यात तीन गोष्टी तपासा. एक, अलार्मला परवानगी आहे ना. दोन, कॉलची सवलत ‘स्टार’ केलेल्या नंबरांना दिली आहे ना. आणि आई-वडील, मुलं, मुख्याध्यापक यांना खरोखर स्टार केलंय ना. सवलत दिली आणि यादी रिकामीच ठेवली, हा घोटाळा फार जणांचा होतो. तीन, ‘रिपीट कॉलर’ चालू ठेवा : तोच माणूस १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करतो तेव्हा बेल वाजते. व्हॉट्सॲप कॉल या सवलतीतून आत येईलच असं नाही, तेव्हा घरच्यांना साधाच फोन करायला सांगा.

पण गप्प बसून हे केलंत तर ‘मॅडम उत्तर देत नाहीत’ असा शेरा बसेल. केंद्रप्रमुखांना दिवसाउजेडी, ग्रुपवर नव्हे तर थेट, लिहा : ‘सर, रात्री ८ नंतर मागितलेली माहिती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत नक्की देते. अगदीच तातडीचं असेल तर कृपया फोन करावा.’ आणि मग ती साडेनऊची वेळ पाळा. एका रात्री साडेदहाला उत्तर दिलंत, की बोलणं पाण्यात गेलं.

खरी मेख पुढे आहे. मागितलेली माहिती बहुतेकदा जुनीच असते : इयत्तानिहाय पट, मुलगे-मुली, प्रवर्ग, आधार, बँक खाती, खोल्या, स्वच्छतागृहं. हे सगळं एका शीटमध्ये ठेवून महिन्याच्या १ तारखेला अद्ययावत करा. नवा तक्ता आला तरी आकडे उचलून भरायला फार वेळ लागत नाही. प्रत्येक वेळी हजेरीपट उघडून बसायचं म्हटलं, की कामापेक्षा त्याची धास्तीच मोठी होते.

प्रश्न : रोज पहाटे तीनला जाग येते, डोक्यात हप्ते आणि टार्गेट फिरतात, मग फोन हातात घेतो. – एक वाचक, पुणे

उत्तर : फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि गजराचं साधं घड्याळ आणा, तेही तोंड भिंतीकडे करून ठेवा, कारण ‘आता तीनच तास उरले’ हा हिशेबच झोप उडवतो. साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं तर उठा, मंद दिव्यात कंटाळवाणं काहीतरी करा, डोळे जड झाल्यावरच अंथरुणात परता. लोळत राहिलात तर अंथरूण हीच काळजी करायची जागा होऊन बसते. उठायची वेळ रविवारीसुद्धा तीच. शेवटचा चहा दुपारी चारच्या आत. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

संध्याकाळी पंधरा मिनिटं कागदावर दोन रकाने पाडा : काळजी, आणि तिच्यासाठी उद्या करायची एकच कृती. ‘हप्ता’ असं लिहून थांबू नका. ‘११ वाजता बँकेत फोन, मुदत वाढवता येईल का विचारणे’ असं लिहा. जिथे कृती सुचतच नाही तिथे रेघ मारा. आठवड्यातून तीन रात्री असं तीन महिने चाललं असेल, किंवा घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर डॉक्टरांना दाखवाच. मन फारच खचलं असेल तर तीन महिने थांबू नका : टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आणि चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : सासरच्या ग्रुपवर जाऊबाई टोमणे मारतात. उलट उत्तर दिलं की नंतर पस्तावते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : उत्तर जरूर लिहा, पण व्हॉट्सॲपच्या चौकटीत नको, बोट लागलं की गेलं. वहीत लिहा, सकाळी वाचा. गेलेला मेसेज १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो, पण ‘एडिटेड’ असं दिसतं. पुसलात तर पुसल्याची खूण राहते, आणि मग तिच्यावरच चर्चा रंगते. ग्रुप सोडल्याची सूचना आता फक्त ॲडमिनना जाते, तरी सोडून गेलेल्यांची यादी सगळ्यांना ६० दिवस बघता येते, म्हणून तोही गुपचूप मार्ग नाही. जाऊबाईंना फोन करा, तोही स्पीकरवर न ठेवता, आणि एकाच टोमण्याबद्दल बोला. मागचे हिशेब काढू नका.