पहिला घास मामाचा, पुढचे कुणाचे?

प्रिय मनू,

मावशीच्या बाळाच्या उष्टावणाचा व्हिडिओ पाहून तू मँचेस्टरहून दोन प्रश्न पाठवलेस. पहिला घास मामानेच का भरवायचा? आणि एवढ्याशा बाळाने काय खायचं यावर घरातले इतके जण का बोलतात? फोनवर धड बोलणं होत नाही, म्हणून सावकाश लिहितेय.

मामाचं आधी सांगते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. आई आणि बाळ काही महिने तिथे राहून सासरी जातात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बाळाचं वरचं खाणं सुरू व्हायची वेळ येते. तेव्हा मामा चांदीची वाटी-चमचा घेऊन येतो, बाळाला मांडीवर घेतो आणि खिरीत बुडवलेली अंगठी त्याच्या ओठांना लावतो. ज्या घरातून लेक आली त्या घरचा माणूस सगळ्यांदेखत म्हणतो, हे मूल आमचंही आहे. मी त्याचा अर्थ असा लावते. गुरुजी कदाचित वेगळं सांगतील. मला ही रीत फार प्रिय आहे, कारण तीत बाळाचं पोट एकट्या आईच्या गळ्यात टाकलेलं नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र एका ओळीत उत्तर देता येत नाही.

उष्टावण कधी करायचं इथूनच मतं सुरू होतात. मुलाचं सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या किंवा सातव्या, अशी जुनी रीत. मावशीच्या सासूबाईंना पाचव्यातच उरकायचं होतं, डॉक्टर म्हणाले सहा महिने पूर्ण होऊ देत. आजीने मधला मार्ग काढला: सातवा लागला की करू. सातवा लागला म्हणजे सहा पुरे झाले, म्हणजे दोघांचंही राहिलं. जागतिक आरोग्य संघटना सहा महिन्यांचं सांगते आणि इथली, म्हणजे इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा एनएचएसही साधारण तेच. कारण साधं आहे: जन्माच्या वेळी बाळाच्या अंगात असलेला लोहाचा साठा तोवर संपत येतो, आणि आईच्या दुधातून मिळणारं लोह त्यापुढे पुरत नाही. दूध दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चालू ठेवायचं, पण सोबत अन्न हवंच. मुलग्याच्या बाबतीत सहावा हुकला म्हणून आठव्याची वाट पाहणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे मला वाईट वाटतं. मुहूर्ताला थांबायचं तर थांबावं, पण वाटीतला भात थांबवू नये. समारंभ मागाहून करता येतो.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट, डाळीचं पाणी. कुकर उघडला की वर जो पिवळसर, पातळ थर दिसतो तो वाटीत काढून घ्यायचा, त्यात चिमूटभर जिरेपूड घालायची आणि 'वरणाचं पाणी' म्हणून बाळाला पाजायचं. घरोघरी अतिशय मायेने केलेलं असतं ते. पण डाळ खाली राहते आणि घरातले मोठे ती खातात. बाळाच्या पोटात एका वेळी दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलीटर मावतं. सात किलोचं बाळ म्हणजे जेमतेम एक कप. तो कप पाण्याने भरला की बाळ तोंड फिरवतं आणि सगळे म्हणतात, पोट भरलं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० कॅलरी हव्या असतात. पाण्यातून त्या कुठून येणार? घास चमचा तिरका केल्यावर घरंगळून न जाणारा, चमच्यावर टिकणारा हवा. मी मावशीला एवढंच सांगितलं: वरचं नको, खालचं घे, घोटून घे आणि वर तूप सोड.

आणि हे आपल्या आज्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. खिमट आठव. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन वाळवायची, खमंग भाजायची, जाडसर भरडून डब्यात ठेवायची, आणि रोज त्यातलं थोडं हिंग-जिऱ्यावर मऊ शिजवायचं. धान्य आणि डाळ एकत्र, शिजायला झटपट, आणि चांगलं दाट. मोडाच्या नाचणीचं तर मला कौतुकच वाटतं. आजी नाचणी भिजवून पंच्यात घट्ट बांधायची, मोड फुटले की सावलीत पसरायची, मग हलकी भाजून दळून आणायची. मोड येताना धान्यात एक विकर (एन्झाइम) तयार होतं, ते पिठूळपणा मोडतं. त्यामुळे साध्या पिठाची लापशी जिथे चिकट गोळा होते, तिथे मोडाच्या पिठाची दुप्पट पीठ घालूनही गिळण्याजोगी राहते. त्याच छोट्या पोटात जास्त अन्न. नाचणीत कॅल्शियमही भरपूर, १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर.

मग अडतं कुठे? बऱ्याचदा ते 'नको' म्हणण्यात अडतं. केळं नको, सर्दी होईल. दही नको, थंड पडेल. अंडं नको, बाधेल. शाकाहारी घरात अंड्याचा प्रश्नच नाही, ते मी समजू शकते. पण मांसाहारी घरातही पहिलं वर्ष बाळाला अंडं-मासळी दिसत नाही. एकेक पदार्थ असा वगळत गेलं की वाटीत भात आणि बिस्किट उरतं. सगळ्यात घातक 'नको' आजारपणातलं: जुलाब झाले की खाणं बंद. तेव्हा तर बाळाला थोडं थोडं, अधिक वेळा द्यायला हवं, आणि बरं झाल्यावर काही दिवस एक जास्तीचं खाणं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. इतके जण बोलतात, कारण निर्णय आईच्या हातात क्वचितच असतो. तिला अंगणवाडीत सगळं सांगितलेलं असतं, ते तिला पाठही असतं. पण डाळ कुणी आणायची, अंड्याला पैसे कुणी द्यायचे, आजारात काय थांबवायचं, हे सासू, नवरा, शेजारीण ठरवतात. म्हणून नुसत्या आयांना शिकवून फार बदलत नाही. आजीला समोर बसवावं लागतं, बाबालाही.

त्याहून मोठी अडचण वेळेची. सात महिन्यांच्या बाळाला एक वाटी खाऊ घालायला अर्धा तास सहज जातो. ते अर्धं अंगावर सांडतं, चमचा ओढतं, मध्येच झोपतं. सहा ते आठ महिन्यांत असं दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा. कुणाकडे आहे एवढा वेळ? भारतात २०१७ पासून नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ती छान आहे, पण संपते नेमकी सहा महिन्यांनी, जेव्हा चमचा हातात घ्यायचा. इथे इंग्लंडमध्ये ५२ आठवड्यांपर्यंत रजा घेता येते, त्यातल्या ३९ आठवड्यांना काही ना काही पैसे मिळतात; तू खायला शिकलीस तेव्हा मी घरी होते ते त्यामुळेच. आणि मजुरी करणाऱ्या बाईला यातलं काहीच नाही. दसरा-दिवाळीनंतर बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. फडाजवळच्या कोपीत राहायचं, पहाट व्हायच्या आधी आई कोयता घेऊन निघते, आणि बाळ आठ-नऊ वर्षांच्या ताईच्या कडेवर. ती ताई त्याला चहात बुडवून बिस्किट देते, कारण तेवढंच तिला करता येतं. गावच्या अंगणवाडीत नाव असतं, घरी न्यायचा आहारही मंजूर असतो, पण बाळ तिथे नसतं. या आईला 'पौष्टिक आहार द्या' असं सांगणं मला अन्याय वाटतो.

देशाचा हिशेब हेच सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते आठ महिन्यांच्या शंभर बाळांपैकी साधारण ४६ जणांनाच दुधाबरोबर घट्ट किंवा मऊ अन्न मिळत होतं. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांमध्ये पुरेसा आहार मिळणारी शंभरात जेमतेम ११. महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. हे फक्त गरिबीचं आहे असं समजू नकोस. आपल्या ओळखीतल्या फ्लॅटमधली मुलंही यात आहेत.

सरकारने काही केलंच नाही असंही नाही. अंगणवाडी १९७५ पासून आहे. १९९२ च्या कायद्याने बाळांच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात रोखली. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून लहान मुलांना अंडी किंवा केळी मिळतात, आणि 'अंडं बाधतं' म्हणणाऱ्या गावात तेच अंगणवाडीताईने हातात दिलं की वेगळं वाटतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता डिसेंबरचं. तू पुण्याला जाशील तेव्हा बाळ अकरा महिन्यांचं असेल आणि तुला त्याला भरवायचं आहे असं मावशीकडून कळलं. जरूर भरव. आधी हात साबणाने धू. त्याच्या समोर बस, मागून चमचा पुढे आणू नकोस. 'एक घास चिऊचा, एक घास काऊचा' म्हण, ती आपली चांगली सवय आहे, कारण म्हणताना माणूस बाळाकडे बघतो. मोबाइल लावून भरवू नकोस, बाळ मग भूक लागली की भागली ते ओळखायला शिकत नाही. त्याने तोंड फिरवलं की थांब. चिऊकाऊचे घास संपले. नवी भाजी थुंकली तर रागावू नकोस, दोन दिवसांनी पुन्हा दे. आठ-दहा वेळा चाखल्यावर आवडायला लागते.

दाण्याचा कूट चालेल, अगदी बारीक करून वरणात किंवा भाजीत. २०१५ साली लंडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असल्याने ज्यांना जास्त धोका आहे अशा बाळांना पहिल्या वर्षापासून शेंगदाणा नियमित दिला तर पुढे त्याची ॲलर्जी खूपच कमी होते. आपल्या बाळाला तसा इसब नाही, मावशीने कूट आधीच सुरू केलाय. पण अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही, घशात अडकतो. द्राक्षं उभी चिरून, चार तुकडे करून.

मीठ-साखर वेगळी घालू नकोस, कुणी कितीही 'चवीपुरतं' म्हटलं तरी. आणि मध वर्षाचं होईपर्यंत मुळीच नाही. मधात कधी कधी असे जिवाणू असतात की ते बाळाच्या आतड्यात विष तयार करतात. सासूबाई प्रेमाने बोट चाटवायला येतील, तेव्हा 'वाढदिवसानंतर चाटवू या' म्हण. मावशीला ते तोंडावर सांगता येत नाही, तू पाहुणी आहेस, तुला जमेल.

तुझी,
आई