'ब्रेक दिला' म्हणजे मिळालं का गेलं?

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. संभाजीनगरचा ओळखीचा पोरगा त्यांना म्हणला, 'मला कंपनीनं ब्रेक दिला.' ह्यांनी अभिनंदन केलं तर पोरगा गप्पच झाला. असं का?

ताई, पेढे मागितले नाहीत हे नशीब. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा ह्या संभाजीनगरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात कंपनीनं ब्रेक दिला म्हणजे कामावरून थांबवलं. सिनेमातला ब्रेक म्हणजे चान्स, तो वेगळा. आणि गंमत अशी की खंड पडणं आणि गाडीचा ब्रेक हे इंग्रजीत दोन वेगळे शब्द, स्पेलिंगपण वेगळं, देवनागरीत आले आणि एकच होऊन बसले, त्यामुळं पोरं बिनधास्त 'ब्रेक लागला' असंपण म्हणतात आणि अर्थ कुठंच अडत नाही.

शब्द रुळला तो कायद्यामुळं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत 240 दिवस भरले की वर्षाची सलग नोकरी धरायचे, मग कामगाराला कमी करायचं तर नोटीस द्या, भरपाई द्या. म्हणून ते 240 भरायच्या आतच, सहा-सात महिने झाले की ठेकेदार म्हणणार, जा घरी, महिन्या-दोन महिन्यांनी ये. सरकारी कागदात ह्यालाच 'तांत्रिक खंड' असं सोवळं नाव आहे.

मराठी शब्द नाहीत का, आहेत, पण बसत नाहीत. 'खाडा' मजूर करतो, मालक नाही. 'काढलं' म्हणलं तर पोरानं काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटतं, सोयरिकीच्या बैठकीत तर तोंडातून निघायलाच नको. त्यातल्या त्यात जवळचा 'साल सुटलं'. सालगड्याचं साल पाडव्याला धरायचं, पुढच्या पाडव्याला सुटायचं. पण त्याला निदान तारीख आधीच माहीत असायची.

इथं ती नसते. 1991 ला कारखान्यांवरचं सरकारी परवान्यांचं राज्य ढिलं झालं, 2001 ला शेंद्र्यात मोटारींची स्कोडा कंपनी आली, इथले सुटे भाग बाहेर जायला लागले, पोरांना कामं लागली हे खरंय, माझ्या गावातली निम्मी आळी त्याच्यावर उभी आहे. पण मग ऑर्डर पण बाहेरचीच. माझा मावसभाऊ एका छोट्या वर्कशॉपात दुचाकीचे पार्ट करायचा. 2023 ला नायजेरियाचं चलन कोसळलं, तिकडं जाणाऱ्या दुचाक्या घटल्या, आणि ह्याला पाचव्याच महिन्यात ब्रेक. सुपरवायझर म्हणला, नायजेरियाचा माल थांबलाय. घरी आला तर मावशी विचारते, 'काय करायलास रे आता?' तर म्हणतो, 'ब्रेकवर हाय.' नायजेरिया कुठं आहे ते त्यानं रात्री मोबाईलवर बघितलं.

त्याचं 'ब्रेकवर' ऐका जरा. 'सुट्टीवर', 'रजेवर' म्हणतो ना आपण, तोच 'वर', म्हणजे नोकरी अजून माझीच आहे, मी फक्त थोडा बाजूला बसलोय. पगार नाही, गेटपास जमा केलेला, तरीबी 'वर'. मला तर ह्या अख्ख्या शब्दात ते 'वर'च सगळ्यात मोलाचं वाटतं.

तर ताई, आता त्या पोराला फोन करा आणि एवढंच विचारा, 'परत कधी घेणारेत?' आमच्याकडं हेच विचारतात.