फ्रान्समधल्या पॅरिस-रूबे सायकल शर्यतीला 'उत्तरेचा नरक' हे नाव का पडलं, आणि १९४९ चा निकाल न्याय्य होता का?

नावाचं आधी सांगतो, कारण बहुतेकजण ते दगडी रस्त्यांवर ढकलतात. तसं नाही. १८९६ मध्ये रूबेच्या दोन कापड-गिरणीवाल्यांनी आपल्या नव्या वेलोड्रोमसाठी, म्हणजे सायकल शर्यतींच्या मैदानासाठी, ही शर्यत काढली. पहिली जर्मनीच्या योझेफ फिशरनं जिंकली. महायुद्धात ती बंद पडली. १९१९ मध्ये मार्ग पाहायला गेलेल्या पत्रकारांना तोफगोळ्यांनी उकरलेली जमीन, चिखल आणि जळके बुंधे दिसले. 'नरक' तिथून आला. दगडी पट्टे आज मुद्दाम जपले जातात, अडीचशेहून जास्त किलोमीटरपैकी पन्नासेक.

आता १९४९. वेलोड्रोमजवळ आंद्रे माए आणि आणखी दोघं पुढे होते. तिथल्या गोंधळात त्यांना चुकीच्या बाजूला वळवलं गेलं, ते भलत्याच दारानं आत शिरले, आणि तरीही माए पहिला आला. मागच्या घोळक्यात सेर्से कोप्पी, म्हणजे नामवंत इटालियन सायकलपटू फाउस्तोचा धाकटा भाऊ, पहिला आला. तक्रारी झाल्या, निकाल फिरला, परत फिरला. शेवटी नोव्हेंबरात दोघांनाही विजेता ठरवलं.

न्याय्य होता. मी हे ठामपणे म्हणतो, कारण माझ्या बाबतीत असंच घडलंय.

१९ डिसेंबर १९९७, गोवा मुक्तिदिन, साखळी ते म्हापसा सायकल शर्यत. खनिजाचे ट्रक त्या दिवशी बंद होते, पण डिचोलीपर्यंत रस्त्यावर लाल धूळ बसलेली होती आणि पुढच्याच्या चाकावरून ती थेट तोंडात येत होती. अस्नोड्यापर्यंत आम्ही पाचजण एकत्र. थिवीच्या आसपास मी सुटलो, मागे वळून पाहिलं तर दादा एकटाच दिसला, बराच लांब. म्हापशात शुक्रवारचा बाजार भरलेला. नाक्यावर दंडाला संयोजकांची पट्टी बांधलेला माणूस झेंडा आडवा धरून उभा होता. त्यानं मला डावीकडच्या बोळात घातलं. बोळ लांबचा होता, जवळचा नव्हे. मैदानात मी उलट्या बाजूनं शिरलो, तरी पहिला. दोनेक मिनिटांनी दादा सरळ रस्त्यानं आला. समितीनं मला बाद केलं, ढाल दादाला दिली. झेंडेवाला माझ्यासमोर उभा होता, एक शब्द बोलला नाही.

दादा आजही म्हणतो, "म्हापशाचा रस्ता तुला पाठ होता, झेंडा सोडून सरळ यायचं होतंस." माझं म्हणणं, शर्यतीत पट्टीवाल्याचा हात म्हणजेच मार्ग. तो न मानणारा सायकलपटू उद्या ट्रकखाली जाईल. तुम्ही कुठे शर्यत भरवत असाल तर प्रत्येक वळणावर तोच मार्ग स्वतः सायकलनं पार केलेला माणूस उभा करा, आणि त्याची चूक स्पर्धकाच्या माथी मारू नका.

हेही सांगायला हवं की आजचे आंतरराष्ट्रीय नियम मार्ग ओळखण्याची जबाबदारी सायकलपटूवरच टाकतात. म्हणजे कागदावर दादा बरोबर ठरेल. माए मात्र कोणताही जवळचा रस्ता चोरून आला नव्हता, आणि मीही नाही.

ढाल आमच्याच घरी आहे, माजघरात, आईच्या फोटोशेजारी. मला ती नकोय. दादाच्या नावाखाली जागा रिकामी आहे, तिथे माझं नाव कोरून घ्यायला त्यानं हो म्हणावं, एवढंच.